लिफ्ट केलेल्या गाडीचं स्टेअरिंग: काय बदलायचं, कोणत्या क्रमाने आणि का

लिफ्ट किट बसवून गाडी दोन इंच उंच झाली की पहिल्या आठवड्यातच फरक कळायला लागतो. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित वाकडं धरावं लागतं. वळण संपल्यावर ते पूर्वीसारखं आपणहून परत येत नाही. उड्डाणपुलावरच्या जॉइंटवरून साठच्या वेगाने गेलं की गाडी एका बाजूला सरकल्यासारखी वाटते. आणि कधीकधी पुढची दोन्ही चाकं अशी थडथडायला लागतात की वेग पार उतरवल्याशिवाय ती शांतच होत नाहीत. या टप्प्यावर बहुतेक जण स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा छोटा शॉक ॲब्सॉर्बर) विकत घेतात. खरं तर हा पार्ट सगळ्यात शेवटी घ्यायचा असतो.

आधी जुन्या सांध्यांतला प्ले (सैलपणा) काढायचा, मग बिघडलेले कोन जागेवर आणायचे, त्यानंतर जाड टायरॉड (दोन्ही पुढच्या चाकांना एकमेकांशी जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा), आणि डॅम्पर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर दोष तिथेच राहतो, फक्त काही महिने दडून बसतो.

पुढचं बहुतेक विवेचन पुढे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग आस) असलेल्या गाड्यांसाठी आहे. कॉइल स्प्रिंग आणि पॅनहार्ड रॉडवाली (ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा असलेली) मारुती जिम्नी, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) बसलेली जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीप या त्या गाड्या. थारसारख्या, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाड्यांचा मामला वेगळा आहे. तो शेवटाकडे थोडक्यात येईल.

कायद्याचं आधी सांगून टाकू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच उचलून धरलं. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करा, आणि उत्तर लेखी घ्या. झिजलेला टायरॉड एंड बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडी उंच करणं हा बदल आहे. अपघातानंतर विम्याचा दावा याच फरकावर अडू शकतो.

आधी तपासणी: नवीन पार्ट घेण्याआधी दोन तास

यासाठी लागतो सपाट पक्का फ्लोअर, एक मदतनीस आणि हातातली बॅटरी (टॉर्च). सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे तिथे घेतलेली मापं फसवतात. मोजमाप गॅरेजच्या रॅम्पवर किंवा लेव्हल तपासलेल्या फ्लोअरवरच करा.

गाडी चारही चाकांवर उभी ठेवा, इंजिन चालू करा. मदतनीस स्टेअरिंग घड्याळाच्या अकरा ते एक एवढंच, सावकाश पण सतत, डावी-उजवीकडे हलवत राहील. तुम्ही खाली वाकून एकेक सांधा हाताने धरून बघा: पिटमन आर्म (स्टेअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा आर्म), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टायरॉडची दोन्ही टोकं, पॅनहार्ड रॉडचे दोन्ही बोल्ट, स्टेअरिंग बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट. एक भाग हलल्यावर पुढचा क्षणभर उशिरा हलत असेल तर प्ले तिथेच आहे. डोळ्यांपेक्षा बोटांवर जास्त भरवसा ठेवा. अर्ध्या मिलिमीटरची टकटक हाताला आधी कळते.

पॅनहार्डच्या बोल्टकडे जास्त वेळ द्या. बुश (बोल्टभोवतीचं रबरी आवरण) चांगला असूनही बोल्ट भोकात सरकत असतो, आणि सैल बोल्टवर गाडी चालत राहिल्याने ते भोक लांबट झालेलं असतं. अशा भोकात नवा बोल्ट कितीही आवळला तरी महिनाभरात पुन्हा सैल होतो. त्यावर उपाय एकच: ब्रॅकेटवर योग्य मापाच्या भोकाचा जाड वॉशर नीट वेल्ड करून घ्यायचा, किंवा ब्रॅकेटच बदलायचा.

आता पुढचा भाग जॅकने उचलून घोड्या (जॅक स्टँड) लावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याच्याभोवती वळतं त्या खुंट्याचा. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावर येणारा प्ले बहुधा टायरॉडचा असतो.

जिम्नी आणि जिप्सीच्या नकलमध्ये (चाक धरून वळणाऱ्या भागात) वर-खाली टेपर रोलरचे किंगपिन बेअरिंग असतात, आणि चाकं थडथडण्याच्या तक्रारीचं मूळ वारंवार तिथेच सापडतं. मुंबईत याला आणखी एक कारण जोडलं जातं. हिंदमाता, मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी गेली आणि नकलचं मागचं सील जुनं असेल, तर पाणी आत शिरतं आणि ग्रीस दुधाळ होतं. बेअरिंगच्या रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात त्या कडीवर) रोलरच्या मापाचे खळगे पडतात. असा किंगपिन सरळ स्थितीत किंचित अडकतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे सैल चालतो. शिम (बेअरिंगचा दाब ठरवणाऱ्या पातळ चकत्या) कमी करून हा दोष जात नाही. बेअरिंग, रेस आणि सील तिन्ही बदलावी लागतात.

बदलताना टायरॉड एंड सोडवा, सीलही मोकळं ठेवा, कारण त्याची घसट मापात मिसळते. मग नकलच्या आर्मला, टायरॉडच्या भोकापाशी, स्प्रिंग काटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात होते तो आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसायला हवा. शिम काढली की दाब वाढतो, घातली की कमी होतो. वरच्या आणि खालच्या शिमची जाडी शक्यतो सारखी ठेवा, नाहीतर नकल मध्यापासून वर किंवा खाली सरकते. "हाताला घट्ट लागतंय, चालेल" असं म्हणणाऱ्या कारागिराला काटा लावायला लावाच.

टायर बॅलन्सिंग आणि टायरची हवाही याच टप्प्यात बघून घ्या. मातीतून फिरल्यावर रिमच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखल एवढ्या कारणानेही स्टेअरिंग थरथरतं.

लिफ्टने नेमकं काय बिघडतं: मोजून बघा

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चेसिसला आणि दुसरं ॲक्सलला असतं. ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणं हे त्याचं काम. ड्रॅग लिंकही तशीच तिरकी, पिटमन आर्मपासून पलीकडच्या नकलपर्यंत जाते. चाक खड्ड्यातून वर-खाली होताना हे दोन्ही रॉड आपापल्या वर्तुळात फिरतात. दोघं समांतर आणि जवळपास सारख्या लांबीचे असतील तर दोन्ही टोकं एकत्र सरकतात आणि चाकं सरळ राहतात. समांतर नसतील तर प्रत्येक खड्डा स्वतःच थोडं स्टेअरिंग फिरवतो. याला बंप स्टेअर म्हणतात.

मोजताना नळीचा कोन घेऊ नका, कारण पॅनहार्डची नळी अनेकदा वाकवलेली असते. सपाट फ्लोअरपासून दोन्ही बोल्टच्या मध्यांची उंची घ्या. ड्रॅग लिंकसाठी दोन्ही बॉलच्या मध्यांची. मग त्या दोन बिंदूंमधलं आडवं अंतर घ्या. उंचीतला फरक भागिले आडवं अंतर हा त्या रॉडचा उतार.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही मोजा. पॅनहार्डचा चेसिसकडचा बोल्ट ६१० मिमी उंचीवर, ॲक्सलकडचा ४८० वर, आडवं अंतर ८२० मिमी. उतार १३० भागिले ८२०, म्हणजे सुमारे ९ अंश. ड्रॅग लिंकचं वरचं टोक ५६० वर, खालचं ४२० वर, अंतर ८८० मिमी. तिथेही सुमारे ९ अंश. ही गाडी लिफ्ट करूनही समांतर आहे. चाक ६० मिमी वर गेलं तर दोन्ही टोकं जवळपास सारखीच सरकतात, फरक जेमतेम ०.२ मिमी.

आता याच गाडीला कोणी ड्रॅग लिंक "सरळ करायला" ४० मिमी खाली उतरणारा पिटमन आर्म लावला. ड्रॅग लिंकचा उतार साडेसहा अंशांवर आला, पॅनहार्ड ९ वरच राहिला. त्याच ६० मिमीच्या खड्ड्यात फरक आता सुमारे अडीच मिमी होतो. नकलचा आर्म १५० मिमी लांब धरला तर चाकं जवळपास १ अंश आपणहून वळली, तेही तुम्ही स्टेअरिंग अजिबात हलवलेलं नसताना. घोडबंदर रोडच्या पावसाळ्यातल्या अवस्थेत असं मिनिटाला कित्येकदा होईल.

म्हणून ५० मिमीपर्यंतच्या लिफ्टला उतरता पिटमन आर्म लावू नका, हे ठाम मत आहे. दोन्ही रॉड थोडे जास्त तिरके झाले तरी जोडी एकमेकांशी जुळलेली राहते, आणि तेच महत्त्वाचं आहे. लिफ्ट त्याहून जास्त असेल आणि पिटमन आर्म उतरवावाच लागला, तर पॅनहार्डचा चेसिसकडचा ब्रॅकेटही त्या प्रमाणात खाली आणायचा. वरच्या उदाहरणात तो सुमारे ३७ मिमी उतरतो. असा लांब ब्रॅकेट चेसिसवर जास्त पिळ देतो, त्यामुळे त्याला बाजूने पट्ट्या भरून डब्यासारखा बंद केलेला असावा आणि आडवा आधार असावा. नुसती एल आकाराची पट्टी तडकते. आणि सुटा भाग मागताना शब्द जपून वापरा: जुने मेकॅनिक साध्या पिटमन आर्मलाच ड्रॉप आर्म म्हणतात.

पॅनहार्ड: ॲक्सल मध्यावर आणणं

लिफ्टनंतर पॅनहार्ड जास्त तिरका होतो, म्हणून त्याची आडवी पोहोच कमी होते आणि ॲक्सल चेसिसकडच्या टोकाच्या बाजूला ओढला जातो. वरच्या उदाहरणात उंचीतला फरक ८० वरून १३० झाला तर ॲक्सल सुमारे ६ मिमी सरकतो. उजव्या हाताच्या स्टेअरिंगच्या गाडीत पिटमन आर्म उजवीकडे असतो. त्याला समांतर राहायचं म्हणून पॅनहार्डचं चेसिसकडचं टोकही त्याच बाजूला असतं, म्हणजे ॲक्सल ड्रायव्हरच्या बाजूला जातो.

दोन्ही बाजूंच्या चेसिसवर मध्यापासून सारख्या अंतरावर असलेली एकेक जागा निवडा. तिथून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. डाव्या-उजव्यातला फरक निम्मा केला की ॲक्सल किती सरकला ते मिळतं: फरक १२ तर सरक ६ मिमी. फेंडरपासून मोजू नका. बॉडी चेसिसवर अगदी मध्यावर बसलेली असतेच असं नाही.

ॲडजस्टेबल पॅनहार्ड घेताना बघायच्या दोन गोष्टी. टोकाला रबर किंवा पॉलियुरेथेन बुश असावा. उघडे रॉड एंड रोजच्या वापराला नकोत, पावसाळ्यातली वाळू आणि चिखल त्यांच्या बॉलला भराभर खातात आणि मग खडखड सुरू होते. दुसरं, थ्रेड आत पुरेसा गेलेला असावा: व्यासाच्या किमान दीडपट, म्हणजे १६ मिमीच्या थ्रेडला २४ मिमी. रॉड लांबवल्यानंतर आत किती उरलं ते पेनाने खूण करून तपासा.

बुशमधून जाणारे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. ॲक्सल लटकत असताना आवळले तर रबर बुश पिळलेल्या स्थितीत धरले जातात. गाडी खाली आली की ते कायम ताणात राहतात आणि वर्षाच्या आत फाटतात. ही चूक वारंवार होते, कारण रॅम्पवर गाडी वर असतानाच सगळं आवळून टाकणं सोपं पडतं.

कास्टर: स्टेअरिंग परत न येण्याचं कारण

किंगपिनची रेषा वरच्या बाजूला किती मागे झुकली आहे तो कास्टर. स्टेअरिंग आपणहून सरळ येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. जिम्नीत ॲक्सलला मागे जाणारे दोन आर्म असतात. गाडी उंच झाली की आर्म खाली झुकतो आणि ॲक्सल त्याच्यासोबत फिरतो, कास्टर कमी होतो. किती ते स्वतः काढता येतं: लिफ्ट भागिले आर्मची लांबी, गुणिले ५७.३. आर्म ८०० मिमीचा आणि लिफ्ट ५० मिमी असेल तर साडेतीन अंशांहून थोडं जास्त. इतका कास्टर गेल्यावर गाडी महामार्गावर तरंगल्यासारखी चालते, यात नवल नाही.

दुरुस्तीसाठी ऑफसेट भोकाचे कास्टर बुश, आर्मच्या चेसिसकडच्या टोकाला खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा बदललेल्या कोनाचे आर्म असे पर्याय आहेत. बुश सगळ्यांत सोपे आणि ५० मिमीपर्यंत बहुतेकदा पुरेसे. पण प्रेसमध्ये बसवताना दिशा चुकली तर कास्टर वाढण्याऐवजी आणखी घटतो. त्यामुळे प्रेसवर चढवण्याआधी आर्मवर पुढची बाजू आणि बुशवर जाड बाजू रंगाने खुणावून ठेवा. दोन्ही आर्मचे बुश एकाच कोनात बसले पाहिजेत. नाहीतर ॲक्सल पिळला जातो आणि बुश झटपट जातात.

एक किंमत मात्र मोजावी लागते. कास्टर वाढवला की डिफरन्शियलचं तोंड (जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो) खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे ॲक्सलला ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याचा, कोन वाढतो. फोर-व्हीलमध्ये चालवताना नवीन गुणगुण किंवा कंप आला तर कास्टर एक अंशाने कमी करून बघा. कास्टर आणि शाफ्ट दोघांनाही परवडेल असा मध्य शोधावा लागतो.

जिप्सी किंवा जुन्या जीपमध्ये पॅनहार्ड नसतो, तिथे पाटेच ॲक्सल धरतात. कास्टर पाट्यांखाली किंवा पाट्यांवर वेज (पाचर) घालून दुरुस्त होतो. पाटे ॲक्सलच्या खाली असतील तर वेजची जाड बाजू पुढे. पाटे ॲक्सलच्या वर नेले असतील तर जाड बाजू मागे. वेज स्टीलचाच घ्या. ॲल्युमिनियमचा दबतो, यू-बोल्ट सैल होतात आणि ॲक्सल सरकतो. सेंटर बोल्ट मूळ बोल्टपेक्षा वेजच्या जाडीएवढा जास्त लांब हवा, म्हणजे त्याचं डोकं ॲक्सलच्या खोबणीत पुरेसं बसतं. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या कड्या) पाट्याच्या पुढच्या टोकाला असतील आणि ते लांब करून उंची मिळवली असेल, तर त्यानेही कास्टर घटलेला असतो. दोन इंच लांब शॅकल हा स्वस्त मार्ग दिसतो, पण तो स्टेअरिंग बिघडवतो आणि पाट्यांना बाजूने डुलवतो.

टायरॉड आणि ड्रॅग लिंक

मोठे टायर आले की दगडात अडकलेलं चाक वळवताना सगळा जोर टायरॉडवर येतो, आणि कारखान्यातून आलेला बारीक टायरॉड वाकतो. वाकला की टो (दोन चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांतला फरक) बिघडतो आणि टायरची कड काही दिवसांत करवतीसारखी होते. सीमलेस, थंड ओढलेल्या नळीचा, ३० मिमीच्या आसपास व्यासाचा आणि ५ मिमी किंवा जास्त भिंतीचा टायरॉड हा रोजची गाडी आणि रविवारची कर्जतची वाट, दोन्हींना पुरतो. सांध्याची नळी, म्हणजे लांबीत वेल्डची रेघ असलेली, वापरू नये.

गरम करून वाकवलेली ड्रॅग लिंक, मध्ये कापून लांब केलेला टायरॉड, वेल्ड केलेला नकल आर्म यांपैकी काहीही घेऊ नका, कारागीर कितीही हुशार असो. यांतले काही भाग फोर्ज केलेले असतात, काही नळीचे. आच दिली की त्यांची ताकद त्या जागी बदलते, आणि ते वाकून इशारा देण्याऐवजी तुटू शकतात. तुटले की गाडीला स्टेअरिंगच राहत नाही. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या वर नेल्यावर जुनी ड्रॅग लिंक आणि टायरॉड पाट्यांना लागतात, तिथे हा मोह सर्वाधिक होतो. तिथे नकलसाठी बनवलेले उंच आर्म आणि त्यांना जुळणारे रॉड असा पूर्ण संचच लागतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुसऱ्या गाडीचे जाड टायरॉड एंड मिळतात. बसवण्याआधी टेपर (स्टडचा निमुळता भाग) तपासा. टेपरवर निळी शाई लावा, नकलच्या भोकात हाताने बसवा, फिरवा आणि काढा. शाई तीन चतुर्थांशाहून जास्त भागावर सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त एका कडेला पुसली गेली तर टेपर जुळत नाही. असा सांधा आवळल्यावर घट्ट वाटतो, पण रोजच्या धक्क्यांनी भोक झिजवतो.

काढताना कॅसल नटची (खाचा असलेल्या नटाची) स्प्लिट पिन काढा, नट काही फेरे सैल करून थ्रेडवरच राहू द्या आणि टायरॉड पुलर वापरा. दोन दात्यांची पाचर ठोकली तर रबर बूट फाटतो, म्हणून सांधा पुन्हा वापरायचा असेल तर ती टाळा. लावताना मॅन्युअलच्या टॉर्कला आवळा. स्प्लिट पिनचं भोक नटाच्या खाचेशी जुळत नसेल तर नट पुढे, घट्ट होण्याच्या दिशेनेच न्या. मागे कधीही नाही. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी, नायलॉक नट असेल तर तोही नवा. टायरॉडच्या ॲडजस्टर थ्रेडवर ॲन्टी-सीझ पेस्ट लावाच, समुद्राच्या खाऱ्या हवेत हे ॲडजस्टर दोन पावसाळ्यांत गंजून एक होतात. चांगले १०.९ ग्रेडचे बोल्ट, टॉर्क रेंच आणि पुलर नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. बोल्टच्या डोक्यावर ग्रेड कोरलेला नसेल तर तो बोल्ट स्टेअरिंगला वापरू नका.

सगळं लागल्यावर ॲक्सलला एका बाजूने पूर्ण लटकवा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. प्रत्येक टायरॉड एंड त्या टोकाच्या कोनातही हाताने थोडा फिरायला हवा. फिरत नसेल तर बॉल त्याच्या घराच्या कडेला टेकलाय, आणि अशा सांध्याचा स्टड तुटतो. याच वेळी ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, टायरॉड डिफरन्शियलच्या कव्हरला लागत नाही ना, तेही बघून घ्या.

स्टेअरिंग बॉक्स आणि कॉलम

टायरॉड जाड केला की धक्का पुढच्या कमकुवत जागेकडे जातो. जिप्सीत ती जागा बहुधा स्टेअरिंग बॉक्सभोवतीची चेसिस असते. बॉक्सच्या बोल्टभोवतीचा रंग खरवडून बारीक तडे शोधा. तडा सापडला तर त्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडून वेल्ड करायचं आणि वरून पट्टीचा आधार द्यायचा.

बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूने प्ले काढायचा तर चाकं सरळ ठेवून, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. बॉक्स मध्यावर मुद्दाम घट्ट बनवलेला असतो. टोकाला असताना स्क्रू आवळला तर मध्यावर तो जाम होतो आणि स्टेअरिंग परत येणं बंद होतं. बॉक्समधून तेल गळत असेल तर आधी ते बघा.

लिफ्ट सस्पेन्शनची नसून बॉडी लिफ्ट असेल, म्हणजे बॉडी आणि चेसिसमध्ये ठोकळे घातले असतील, तर स्टेअरिंग कॉलम बॉक्सपासून लांब गेलेला असतो. मधल्या शाफ्टचे स्प्लाइन (एकमेकांत बसणारे दाते) किती आत उरलेत ते बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

शेवटचं सेटिंग: टो, मग स्टेअरिंगचा मध्य

पॅनहार्ड आणि कास्टर झाल्यावरच टो. दोन्ही पुढच्या टायरच्या मध्यावर एकेक रेघ काढा, ॲक्सलच्या उंचीवर पुढे आणि मागे अंतर घ्या. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण. तो हाती नसेल तर अखंड ॲक्सलच्या रेडियल टायरवाल्या गाडीला १.५ ते ३ मिमी टो-इन (पुढच्या कडा मागच्यांपेक्षा तेवढ्या जवळ) ही सुरक्षित सुरुवात आहे. टायरॉड ॲक्सलच्या मागे असेल तर लांब केल्याने टो-इन वाढतो, पुढे असेल तर घटतो. हात हलका ठेवा: दीड मिमी पिचचा, एका टोकाला डावा आणि दुसऱ्याला उजवा थ्रेड असलेला टायरॉड एक फेरा फिरवला की ३ मिमी लांबतो. पण टायरच्या मापावर हाच फरक चौपटीहून मोठा होतो. फेऱ्याचा आठवा भाग फिरवला तरी टो दीड मिमीपेक्षा जास्त बदलतो.

मग गाडी थोडी पुढे-मागे चालवून चाकं सरळ आणा आणि स्टेअरिंग व्हीलचा मध्य ड्रॅग लिंकच्या लांबीने जुळवा. व्हील काढून वाकडं बसवणं हा उपाय नाही. त्याने बॉक्स त्याच्या घट्ट मध्यापासून बाजूला राहतो आणि सरळ रस्त्यावर प्ले जाणवतो. शिवाय जिम्नीसारख्या गाडीत व्हीलमध्ये एअरबॅग आहे. अशा गाडीत मध्य जुळवल्यावर स्कॅनरने स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्य पुन्हा द्या, नाहीतर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यालाही वळण समजेल. शेवटी कॉम्प्युटर अलाइनमेंट करा आणि कास्टरच्या आकड्यांसह छापील कागद मागा. "या गाडीला कास्टर ॲडजस्ट नसतो" असं ऐकवलं जाईल. ॲडजस्ट नसला तरी मोजता येतो, आणि तो कागद पुढच्या वेळी तुलनेला उपयोगी पडतो.

आता डॅम्पर. सरळ चाकांवर त्याचा दांडा मध्यावर हवा आणि दोन्ही टोकांच्या वळणाला १० ते १५ मिमी चाल शिल्लक राहिली पाहिजे. डॅम्परच वळणाचा स्टॉप बनला तर तो फुटतो किंवा ब्रॅकेट उपटतो. गॅस भरलेला एकटा डॅम्पर दांडा सतत बाहेर ढकलतो, त्यामुळे गाडी एका बाजूला ओढू शकते. डॅम्पर काढून गाडी ठीक चालते का, हे एकदा अवश्य तपासा. त्याच्याशिवाय थडथड येत असेल तर वरचं काहीतरी राहून गेलंय.

पहिली चाचणी मोकळ्या, थांबता येईल अशा रस्त्यावर घ्या: २०, ४०, ६० अशी पायरीपायरीने, प्रत्येक वेगाला हलका ब्रेक मारून. ईस्टर्न फ्रीवे किंवा सी लिंकवर पहिल्यांदाच जाऊ नका, तिथे बाजूला थांबायला जागा नाही. वाटेत थडथड सुरू झालीच तर स्टेअरिंग घट्ट धरून झुंजू नका. ॲक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या आणि बाजूला घ्या.

थारसारख्या गाड्यांचं थोडक्यात

स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पॅनहार्ड नाही, रॅकच्या दोन्ही बाजूंना छोटे टायरॉड आहेत. लिफ्टने त्यांचा आणि ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन एकदम वाढतो. ४० ते ५० मिमीच्या पुढे जाऊ नका. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कास्टर जागेवर आणायला वरचे कंट्रोल आर्म बदललेले लागतात, डिफरन्शियल थोडा खाली आणण्याचं किटही. टायरॉड जाड केला तर ताण रॅकवर जातो, आणि रॅक टायरॉडपेक्षा कितीतरी महाग आहे. रिमचा ऑफसेटही जपा: चाकं जितकी बाहेर जातील, तितका प्रत्येक खड्डा स्टेअरिंगला जास्त झटका देईल. हे अखंड ॲक्सलच्या गाड्यांनाही लागू आहे.

नंतरची देखभाल

पहिल्या १०० किलोमीटरनंतर पॅनहार्ड, ड्रॅग लिंक, बॉक्स आणि यू-बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा, मग ५०० वर एकदा. प्रत्येक नटावर आणि शेजारच्या धातूवर सलग पेंटची रेघ ओढून ठेवली की सैल झालेला बोल्ट पुढे बॅटरीच्या उजेडातच दिसतो. चेकनट (ॲडजस्टर जागेवर धरून ठेवणारा नट) विसरू नका, तो सैल होणं हे टायरॉड स्वतःच्या अक्षावर फिरून टो बिघडण्याचं नेहमीचं कारण आहे. चाकाच्या मध्यापर्यंतच्या पाण्यातून गेल्यावर त्याच आठवड्यात नकलचं ग्रीस काढून बघा. जूनच्या आधी सगळ्या बूटांना बोट फिरवून चिरा शोधा, ग्रीस भरायचं निपल असलेल्या सांध्यांत नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा, आणि ऑक्टोबरमध्ये तेच पुन्हा करा.